परीकथा मराठीत आणताना: व्हर्जन कुठलं, कात्री किती आणि नाव कुणाचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी क्लासिक परीकथांचा संग्रह करायचं काम मिळालंय, अनुवाद तुमचा आणि संपादनही तुमचंच, आणि तीन ठिकाणी गाडी अडलीय. एकाच गोष्टीची दहा रूपं मिळतात तर ओरिजिनल कुठलं धरायचं, ते डोळे फोडणं, पोरं खाणं वगैरे ठेवायचं की काढायचं, आणि प्रकाशक म्हणतायत की कव्हरवर फक्त "ग्रिम बंधू" छान दिसतं, तुमचं नाव आत बारीक टाकू, तर एवढ्यावरून ताणायचं का. मी बरीच वर्षं हेच करतेय, स्वतःचे अनुवाद आणि दुसऱ्यांचे तपासणं दोन्ही, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तर आधी ओरिजिनलचं. ग्रिमच्या बाबतीत ओरिजिनल नावाची एकच वस्तू नाहीये हे एकदा मनाशी पक्कं करा म्हणजे निम्मी चिंता मिटते. याकोब आणि विल्हेल्म या जर्मन ग्रिम बंधूंच्या गोष्टींच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ साली आला, दुसरा १८१५ ला, आणि मग १८५७ पर्यंत मोठ्या संग्रहाच्या एकूण सात आवृत्त्या निघाल्या, आणि प्रत्येक वेळी, मुख्यतः विल्हेल्म, गोष्टींवर हात फिरवत राहिला. म्हणजे हातच फिरवला असं नाही, बऱ्यापैकी बदललं. स्नो व्हाइटला मारायला निघालेली राणी १८१२ मध्ये तिची सख्खी आई आहे, सावत्र ती १८१९ च्या आवृत्तीत झाली. हँसेल-ग्रेटेलची आईसुद्धा सुरुवातीला सख्खीच होती, तिला सावत्र व्हायला १८४० उजाडावं लागलं. मनोऱ्यात कोंडलेल्या रपुंझेलचं तर बघाच, १८१२ मध्ये ती भाबडेपणाने विचारते की माझे कपडे मला एवढे घट्ट का व्हायला लागलेत, आणि तिथे म्हातारीला कळतं की मनोऱ्यात कुणीतरी येऊन जातंय. लोकांनी तक्रार केली की हे काय मुलांचं पुस्तक आहे का, मग तिच्या तोंडी नवं वाक्य आलं, की तुला वर ओढताना राजपुत्रापेक्षा जड का लागतं. आता एवढी सफाई केली पण गोष्टीच्या शेवटी रानात तिला जुळी होतात ती तशीच राहिली, ती १८५७ मध्येही आहेत, आणि मुलं बरोबर तिथेच प्रश्न विचारतात.

म्हणजे आपण ज्याला मूळ गोष्ट म्हणतो ती कुणीतरी एडिट केलेलीच असते. तेव्हा "मी कापू का" हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि आधी "कुठलं व्हर्जन घेऊ" ते ठरवा, कारण माझा अनुभव असा की दहातल्या सात वेळा जिथे कात्री चालवावीशी वाटते तिथे तुम्हाला हवं तसं व्हर्जन आधीच कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं, फक्त आपण शोधत नाही.

सिंड्रेला घ्या. फ्रेंच लेखक शार्ल पेरोचं व्हर्जन १८५७ च्या दीडशेक वर्षं आधीचं, १६९७ चं आहे. त्यात भोपळ्याची गाडी, परी-धर्ममाता, काचेचा बूट, बारा वाजणं हे सगळं, आणि शेवटी सिंड्रेला बहिणींना माफ करते, राजवाड्यात राहायला आणते आणि दोघींची दरबारातल्या दोन सरदारांशी लग्नंही लावून देते. रक्ताचा थेंब नाही. ग्रिमच्या सिंड्रेलात परीच नाही, आईच्या कबरीवर उगवलेलं झाड आहे आणि त्यावरचा पांढरा पक्षी तिला कपडे टाकतो, बूट सोन्याचा आहे, बहिणींपैकी एक अंगठा कापते आणि दुसरी टाच, आणि लग्नाच्या दिवशी कबुतरं त्यांचे डोळे टिपतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वेगळ्या स्वभावाच्या. बाजारातल्या निम्म्या पुस्तकांत दोन्हींची खिचडी असते, भोपळा इथला आणि कबुतरं तिथली, आणि मग संपादकाला ती कबुतरं नकोशी होतात म्हणून ती कापली जातात आणि गोष्टीचा शेवट लंगडा होतो. तुम्हाला सौम्य हवी असेल तर सरळ पेरो घ्या, पूर्ण घ्या. ग्रिमची हवी असेल तर आईचं झाड आणि कबुतरं एकाच धाग्यातली आहेत हे लक्षात ठेवा, एक ठेवून दुसरं नाही काढता येत.

लाल टोपीवाल्या मुलीचंही तेच. पेरोमध्ये लांडगा तिला खातो आणि गोष्ट संपते, खाली पद्यात तात्पर्य, की गोड बोलणाऱ्या लांडग्यांपासून मुलींनी जपावं. ग्रिममध्ये शिकारी येतो, कात्रीने पोट फाडतो, आजी आणि नात बाहेर, पोटात दगड. पण फार कमी लोकांना माहीत असतं की ग्रिममध्ये याच्यापुढे अजून एक छोटा भाग आहे. पुन्हा एकदा एक लांडगा भेटतो, या वेळी मुलगी रस्त्यात थांबतच नाही, थेट आजीकडे जाते, दोघी दार लावून बसतात, लांडगा छपरावर चढून वाट बघत बसतो आणि आजी नातीला सांगते की काल सॉसेज उकडलेलं पाणी दाराबाहेरच्या दगडी कुंडात ओत. तो वास घेत घेत मान लांबवतो आणि घसरून कुंडात बुडतो. ना शिकारी, ना कुणी सोडवायला येणारं. आजकाल सगळ्यांना "ॲक्टिव्ह" मुलगी हवी असते ना गोष्टीत, मग नवा शेवट रचण्याआधी हा वाचा, तो तिथेच पडलाय दोनशे वर्षं.

झोपलेल्या राजकन्येची पेरोची गोष्ट ती जागी झाल्यावर संपत नाही, पुढे राजपुत्राची आई राक्षसीण निघते आणि तिला नातवंडं खायची असतात, तीसुद्धा विशिष्ट सॉससोबत, फ्रेंच गोष्ट शेवटी. तो अर्धा भाग कापून छापण्यापेक्षा ग्रिमची काटेरी गुलाबाची गोष्ट घ्या, ती जागं होऊन लग्न झालं की संपतेच.

ही रूपं शोधायला एक फार उपयोगाचं साधन म्हणजे लोककथांची आंतरराष्ट्रीय वर्गवारी, जिला तीन अभ्यासकांच्या आडनावांवरून एटीयू म्हणतात, आर्ने, थॉम्पसन, उथर. आर्नेने १९१० मध्ये सुरू केली, थॉम्पसनने वाढवली आणि उथरने २००४ मध्ये नव्याने मांडली. सिंड्रेला ५१०अ, लाल टोपी ३३३, स्नो व्हाइट ७०९, हँसेल-ग्रेटेल ३२७अ. नंबर टाकून शोधलं की त्याच सांगाड्याच्या जगभरच्या गोष्टी सापडतात, आणि कधी कधी दुसऱ्याच देशातली बहीण तुमच्या पुस्तकाला जास्त शोभते.

आता भाषेचा मुद्दा, तुम्हाला जर्मन, फ्रेंच, डॅनिश येत नाही असं तुम्ही लिहिलंय. हरकत नाही, आपल्याकडे बहुतेक जण इंग्रजीवरूनच करतात, पण कुठलं इंग्रजी ते बघायला हवं. ग्रिमसाठी मार्गारेट हंट नावाच्या बाईंचं १८८४ चं दोन खंडांचं भाषांतर आहे, शेवटच्या आवृत्तीवरून केलेलं, ग्रिमच्या टिपांसकट. थोडं जुनाट वाटतं पण इमानदार आहे आणि कॉपीराइटमधून मोकळं आहे. त्याच्या आधीचं, १८२३ चं एडगर टेलरचं भाषांतर वाचायला एकदम मस्त, पण त्याने बरंच गोड केलंय, त्याच्याकडे स्नो व्हाइटची राणी तापलेल्या बुटांत नाचून मरत नाही, रागाने घुसमटून आजारी पडते आणि जाते. बेडूक-राजपुत्रात ग्रिमची राजकन्या बेडकाला चिडून भिंतीवर आपटते आणि तो राजपुत्र होतो, टेलरने ते काढून बेडकाला तीन रात्री उशीवर झोपवलं. चुंबन यातल्या कुठल्याच पानावर नाही बरं का, ते नंतर कुठून तरी आलंय. तर टेलरवरून केलंत तर टेलरवरून केलं असं लिहा, ग्रिमवरून म्हणू नका.

इंग्रजीही कधी कधी तिसऱ्याच भाषेवरून आलेलं असतं हे विसरू नका. डेन्मार्कच्या अँडरसनची वाटाण्यावरच्या राजकन्येची गोष्ट, मूळ डॅनिशमध्ये वाटाणा एक आहे, एकच. १८४६ मध्ये चार्ल्स बोनरने ती इंग्रजीत आणली ती जर्मन भाषांतरावरून, आणि जर्मनवाल्याने गोष्ट जरा पटण्यासारखी व्हावी म्हणून एकाचे तीन वाटाणे केले होते, ते तिन्ही इंग्रजीत उतरले. वीस गाद्यांखालचा एक वाटाणा टोचणं ही सगळी गंमत, आणि त्यात कुणीतरी लॉजिक घातलं. त्याच वर्षी मेरी हॉविट यांचंही अँडरसनचं इंग्रजी पुस्तक आलं, त्या डॅनिश शिकलेल्या होत्या. मी करते ते असं, मूळ भाषा येत नसेल तर दोन-तीन वेगवेगळ्या काळातली पूर्ण भाषांतरं शेजारी शेजारी उघडून ठेवते आणि जिथे ती एकमेकांशी जुळत नाहीत तिथे खूण करते. तेवढीच वाक्यं मग ती भाषा जाणणाऱ्या कुणाला तरी विचारायची. सगळी गोष्ट तपासून द्या म्हटलं तर कुणी वेळ देत नाही, सहा वाक्यं विचारली तर आनंदाने सांगतात.

अँडरसनचा विषय निघाला म्हणून, त्याला आणि ग्रिमना एकाच मापाने मोजू नका. ग्रिमच्या गोष्टी ऐकलेल्या, जमवलेल्या, तिथे रूपं निवडायची मोकळीक आहे. अँडरसन लेखक आहे, १८३५ पासून त्याने त्या स्वतः लिहिल्या आणि बोलल्यासारख्या डॅनिशमध्ये लिहिल्या, तेव्हा त्याच्या काळात पुस्तकी लोकांना ते खटकलंही. त्याची छोटी जलपरी लग्न न होता फेस होते आणि मग हवेच्या मुलींमध्ये जाते, तीनशे वर्षं चांगलं काम करून आत्मा मिळवायला. शेवटचा तो उपदेशाचा परिच्छेद, चांगलं मूल दिसलं की तिची मुदत कमी होते आणि वाईट दिसलं की रडून प्रत्येक अश्रूला एक दिवस वाढतो, तो मलाही आवडत नाही, खरं सांगायचं तर मुलांना वेठीला धरल्यासारखं वाटतं. पण तो त्याचा आहे. जलपरीचं लग्न लावून द्यायचं असेल तर ती गोष्ट घेऊच नका, त्याच्याकडे दुसऱ्या पुष्कळ आहेत.

आता हिंसा, यावर तुम्ही सगळ्यात जास्त लिहिलंय. माझं मत स्पष्ट आहे आणि ते सगळ्यांना पटत नाही: शिक्षा ठेवायची, रस घ्यायचा नाही. स्नो व्हाइटचा शेवट ग्रिमनी कसा लिहिलाय बघा. लोखंडी जोडे आधीच निखाऱ्यांवर ठेवलेले होते, ते चिमट्यांनी धरून आणले, तिच्यापुढे ठेवले, तिला ते घालावे लागले आणि मरून पडेपर्यंत नाचावं लागलं. संपलं. किंकाळी नाही, कातडी जळल्याचा वास नाही, चेहरा नाही. स्विस अभ्यासक माक्स ल्यूथी याने १९४७ मध्ये हेच दाखवलं की लोककथेतली माणसं सपाट असतात, हात तुटतो पण रक्त वाहत नाही, दुखत नाही. मुलांना ते बरोबर कळतं, वाईट राणी गेली, पुढे चला. घाबरवतो तो अनुवादक, ज्याला वाटतं वाक्य फारच कोरडं झालं आणि तो "असह्य वेदनांनी तडफडत" असं काहीतरी घालतो. माझ्याकडे तपासायला आलेल्या अनुवादांत मी सगळ्यात जास्त खोडते ते हेच, भयानक, थरकाप, आक्रोश, रक्तबंबाळ. विशेषणं काढा, क्रियापदं राहू द्या, गोष्ट आपोआप मुलांच्या झेपेत येते. सिंड्रेलाच्या बहिणीला आई सुरी देते आणि म्हणते अंगठा काप, राणी झालीस की पायी चालायची गरजच पडणार नाही. यातलं भयानक आणि विनोदी एकाच वाक्यात आहे, त्याला हातसुद्धा लावू नका.

पण काही गोष्टी अख्ख्या बाहेर ठेवायच्या, थोड्या साफ करून आत घ्यायच्या नाहीत. ग्रिममध्ये काटेरी झुडपातल्या ज्यूची गोष्ट आहे, ती निव्वळ द्वेषावर चालते, पात्राचा धर्म बदलून "कंजूस माणूस" केला तरी तिचा सूर जात नाही. मुलं खाटीक-खाटीक खेळतात ती गोष्ट तर ग्रिमनी स्वतःच पहिल्या आवृत्तीनंतर वगळली. हट्टी मुलाचा हात थडग्यातून वर येत राहतो ती चार ओळींची गोष्ट, अभ्यासकाला सोन्यासारखी, पण सहा वर्षांच्या पोराला झोपताना नको. निवड हेही संपादनच आहे आणि विल्हेल्म ग्रिमनेही तेच केलं, १८२५ मध्ये मुलांसाठी ५० गोष्टींची छोटी आवृत्ती काढली, धाकट्या भावाची चित्रं घालून, आणि घराघरात गेली ती हीच. मोठ्या आवृत्तीत शेवटी दोनशे गोष्टी आणि वर दहा बालदंतकथा होत्या. तेव्हा सगळं घेतलं नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नका.

सावत्र आईचं काय करायचं, हा नाजूक प्रश्न आहे आणि वर्गात सावत्र आई असलेलं मूल हमखास असतं. मी हँसेल-ग्रेटेलमध्ये काय केलं ते सांगते. १८५७ च्या पाठात सुरुवातीला फक्त लाकूडतोड्या, त्याची बायको आणि त्याची दोन मुलं असं आहे, सावत्र हा शब्द थोडा पुढे, मुलं भुकेने जागी राहून बोलणं ऐकतात तिथे येतो, आणि बाकी बहुतेक जागी तिला नुसतं बाई किंवा बायको म्हटलंय. मी पूर्ण गोष्टभर "लाकूडतोड्याची बायको" ठेवलं, आणि मागच्या टिपेत दोन ओळींत लिहिलं की पहिल्या आवृत्तीत ही मुलांची आई होती आणि नंतर सावत्र झाली. यात खोटं काही नाही आणि कुणा पोराच्या घरावर बोटही नाही. टीप मोठ्यांसाठी, मुलं ती वाचत नाहीत, पण वाचून दाखवणारे वाचतात आणि तिथून बरंच बोलणं निघतं.

याच गोष्टीत ती जागा आहे जिथे बहुतेक अनुवाद आपटतात. मुलं पावाचं घर खायला लागतात आणि आतून बारीक आवाजात विचारणा होते, मुलं खात खातच उत्तर देतात. जर्मनमध्ये ते यमकात आहे, दोन-दोन ओळी, अगदी खेळातल्यासारख्या. गद्यात "माझं घर कोण कुरतडत आहे" असं केलं की चेटकीण एकदम घरमालकीण वाटायला लागते. मी असं केलं:

कुरुम कुरुम, कोण ते खातंय?
माझं घर कुरतडून कोण ते जातंय?

आणि मुलं म्हणतात:

वारा गं वारा, आभाळाचं लेकरू,
घराभोवती लागलंय फिरू.

मूळ उत्तरातही वारा आणि आभाळाचं लेकरू हेच आहे, फिरणं माझं. शब्दाला शब्द नाहीये, पण दुसऱ्यांदा वाचताना पोरं स्वतःच म्हणायला लागतात, आणि अशा ओळींचं काम तेच असतं. आरशाच्या ओळी, कबुतरांच्या ओळी, सगळ्यांना वेळ द्या, एका पानापेक्षा या दोन ओळींना जास्त वेळ लागतो आणि लागू द्या.

तसंच तीनदा येणारं तीनदाच येऊ द्या. स्नो व्हाइटकडे राणी तीन वेळा येते, आधी कंबरेची नाडी घेऊन, मग विषारी कंगवा, मग सफरचंद. पानं वाचवायला पहिल्या दोन कापतात आणि मग मुलांना प्रश्न पडतो की बुटक्यांनी बजावलेलं असून ही एवढी भोळी कशी, कारण बजावणं आणि फसणं यांची चढती पायरीच गेलेली असते. जागा कमी असेल तर एक गोष्ट कमी घ्या, गोष्टीतलं तीनचं एक करू नका. डोरोथेआ फीमान नावाची शिंप्याची बायको होती, खानावळवाल्याची मुलगी, ग्रिमना चाळिसेक गोष्टी तिने दिल्या. तिच्याबद्दल त्यांनी लिहून ठेवलंय की ती आधी सहज सांगायची आणि मग हवं तर पुन्हा सावकाश, उतरवून घेता येईल असं, आणि पुन्हा सांगताना फरक करायची नाही, चुकली तर लगेच स्वतःच सुधारायची. सांगणाऱ्याला माहीत असतं की कुठली पुनरुक्ती कामाची आहे.

भाषा बोली ठेवा, "केलं, गेलं, म्हणाली", "केले, गेले" नको, निदान या वयाला तरी. आणि तू-तुम्ही आधी ठरवून कागदावर लिहून ठेवा, नाहीतर मधेच बदलतं आणि लक्षातही येत नाही. इंग्रजीत ते कळतच नाही. ब्यूटी आणि बीस्टमध्ये ब्यूटीचा बाप, तो व्यापारी, पशूला महाराज म्हणतो तर तो गुरकावतो की मला महाराज म्हणू नको, मी पशू आहे, मला तोंडपूजा आवडत नाही. म्हणजे बाप अहो-जाहो करणार, पशू त्याला अरे-तुरे. मुलगी त्याला काय म्हणेल? मी शेवटपर्यंत "तुम्ही" ठेवलं आणि तो मरायला टेकलेला दिसतो तिथे तिच्या तोंडून "तू" काढलं. मुलांना फरक कळतो, विचारून बघा. ही गोष्टसुद्धा संपादिकेचीच बरं का, व्हिलनव्ह नावाच्या बाईंनी १७४० मध्ये ती भलीमोठी कादंबरीएवढी लिहिली होती, आणि लंडनमध्ये शिकवणी करणाऱ्या बोमाँ बाईंनी १७५६ मध्ये छाटून काही पानांत आणली, आपल्या हाती आहे ती ही. पण बोमाँचं नाव किती जणांना माहीत आहे?

त्यावरून तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर येते. अँड्र्यू लँगची रंगीत परीकथांची बारा पुस्तकं, निळं १८८९ चं आणि जांभळट लायलॅक १९१० चं, इंग्रजी वाचणारी मुलं त्यांच्यावर पिढ्यान् पिढ्या वाढली. कव्हरवर लँग. लायलॅकच्या प्रस्तावनेत लँग स्वतः लिहितो की ही पुस्तकं जवळजवळ पूर्णपणे मिसेस लँगचं काम आहे, फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज, इटालियन, स्पॅनिश, कॅटलान आणि इतर भाषांतून भाषांतर आणि रूपांतर त्यांनीच केलं. आणि पुढे मार्क ट्वेनचा दाखला देऊन म्हणतो की माझी भूमिका एदनच्या बागेतल्या आदमची, ईव्ह काम करायची, आदम देखरेख. गोड आहे, प्रामाणिकही आहे, पण हे बाराव्या पुस्तकात आणि प्रस्तावनेत, आणि प्रस्तावना कोण वाचतं. त्या बाईंचं नाव लिओनोरा ब्लांच लँग, नोरा. आजही पुस्तकं "लँगची" म्हणून मिळतात ती नवऱ्याच्या नावाने.

उलटं उदाहरणही आहे आणि आपल्या जवळचं. १८६८ मध्ये मेरी फ्रिअर यांचं दख्खनच्या गोष्टींचं इंग्रजी पुस्तक लंडनला निघालं, त्या मुंबईच्या गव्हर्नरांच्या कन्या. गोष्टी सांगितल्या त्यांच्याकडे आया म्हणून कामाला असलेल्या ॲना लिबराटा डिसूझा यांनी, त्यांनी त्या आपल्या आजीकडून ऐकलेल्या. मेरीबाई गोष्ट लिहून झाली की ॲनाला वाचून दाखवायच्या, सगळे मुद्दे बरोबर आलेत ना म्हणून. आणि पुस्तकात ॲनाची स्वतःची जीवनकहाणीही छापली, नावासकट. त्या काळात.

तर हो, ताणा. भांडू नका, पण कराराच्या आधीच मागा, पुस्तक छापायला गेल्यावर कुणी ऐकत नाही. शीर्षकपानावर "अनुवाद आणि संपादन" आणि नाव, हे किमान, कव्हरवर मिळालं तर उत्तम. आणि त्याच पानाच्या मागे तीन-चार ओळी: कुठल्या आवृत्तीवरून, कुठल्या इंग्रजी भाषांतराच्या आधाराने, कुठे काय वगळलं. अनुवाद, संक्षिप्त अनुवाद की रूपांतर ते स्पष्ट. या ओळी नसतील तर तुमचं नाव असूनही वाचणाऱ्याला तुम्ही काय केलंत ते कळत नाही, आणि पुढच्या अनुवादिकेला तर काहीच हाती लागत नाही.

कॉपीराइट पटकन सांगते. पेरो, ग्रिम, अँडरसन सगळे मोकळे आहेत, पण त्यांचं हल्लीचं इंग्रजी भाषांतर मोकळं नाही, त्यावरून मराठी केलंत तर परवानगी लागते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं मुदत आहे, बऱ्याच युरोपीय देशांत ७०, आणि इथे लेखक म्हणजे भाषांतरकारही धरायचा. मार्गारेट हंट १९१२ मध्ये गेल्या आणि नोरा लँग १९३३ मध्ये, तेव्हा ती दोन्ही मोकळी. ग्रिमच्या बुटक्यांना नावं नाहीत, जी सगळ्यांना पाठ आहेत ती डिस्नेच्या १९३७ च्या सिनेमातली, ती वापरू नका आणि त्यांची मराठी भाषांतरंही करू नका.

आणि चित्रकाराला नुसती गोष्टींची यादी पाठवू नका, तुमचा अनुवाद पूर्ण पाठवा. नाहीतर "सिंड्रेला" एवढं वाचून सिनेमातला निळा झगा काढून मोकळे होतात, आणि तुम्ही ग्रिम निवडलेलं असेल तर झाड कुठे, पक्षी कुठे, बूट काचेचा का, हे सगळं रंगवून झाल्यावर बोलायची वेळ येते. भीतीदायक प्रसंगांचं चित्र नको असेल तर तेही आधीच लिहून द्या, तापलेले जोडे मजकुरात राहिले तरी चालतात, पानभर रंगीत चित्रात मात्र मी ते कधी घेऊ देत नाही.